मोर्शीवाल्यांसोबत एक मंगळवार

३ डिसेंबर, बुधवार

प्रीतीने आज पुन्हा तोच विषय काढला. मी टरबुजाच्या रोपांवर झारी धरून उभी, आणि सूनबाई मागून, "आई, त्यांचा फोन आलता. काय सांगू?" म्हटलं, सांग, सासू बहिरी झाली. हसली, पण हलली नाही. प्रीती ज्याच्या मागे लागते त्याला सोडत नाही. आमच्या नर्सरीत मिरचीची रोपं घ्यायला आलेला माणूस तिच्यामुळे वांग्याचीही घेऊन जातो.

माणूस तिच्याच गावचा, मोर्शीचा. तिच्या मावशीच्या शेजारचे. संत्र्याचा बगीचा, दोन मुली, दोघी आपापल्या घरी. बायको जाऊन तीन वर्षं. माझे हे जाऊन सहा. उन्हाळ्यात प्रीतीच्या भावाच्या लग्नात त्यांनी मला पाहिलं म्हणे. मी पंगतीत वाढत होते. नाव मधुकरराव, पण इथे नुसतं मो. लिहीन. मोर्शीचा मो. वही कोणाच्या हाती लागलीच तर वाचणाऱ्याला जरा मेहनत पडू दे.

पंचावन्नाव्या वर्षी स्थळ! मायबाई.

४ डिसेंबर, गुरुवार

बोलले शेवटी मो. शी. आवाज बरा आहे, खाकरत नाहीत.

"पोहे खाऊन पाह्याचं वय नाई राह्यलं आपलं. तुमी अकोल्याहून अमरावतीले या, मी मोर्शीहून येतो. दिवसभर फिरू, खाऊ. मंग हो म्हना का नाई म्हना."

"आन नाई म्हटलं तं?"

"तं जेवन तं होईन."

अमरावती म्हटलं की मी अर्धी तिथेच असते. माहेर. आता तिथे आपलं म्हणावं असं कोणी नाही, भाऊ नागपूरला, घर दुसऱ्याचं झालं. तरी अकोल्यात इतकी वर्षं काढूनही स्वप्नात रस्ता दिसतो तो राजकमल चौकाचाच. हे त्यांना कसं कळलं? प्रीतीनेच सांगितलं असेल. चोंबडी.

विनयला सांगितलं. मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "तुह्यं तू पाह्य."

ही परवानगी की राग? पानावरचा रोग मी लांबून ओळखते आणि पोटच्या पोराचा चेहरा वाचता येत नाही.

६ डिसेंबर, शनिवार

खरं काय ते लिहून टाकते.

यांची शुगर, मग किडनी, मग आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मी सगळं मनापासून केलं. मीठ वेगळं, साखर बंद, पाणी मोजून, गोळ्या वेळेवर. आज कोणी विचारलं तर परत करीन, यांच्यासाठी. पण दुसऱ्या कोणासाठी? मो. एकसष्टचे आहेत. मुली सासरी गेल्या, आता भाकर टाकायला आणि उद्या औषध द्यायला कोणीतरी हवं म्हणून बाई पाहत असतील तर माझं नाही. तोंडावर सांगीन. मला परत नर्स व्हायचं नाही. मला नक्की काय व्हायचं आहे तेही माहीत नाही, पण नर्स नाही.

एका दिवसात माणूस ओळखू येतो का? लग्नाआधी तर एक दिवसही नव्हता मिळाला.

मंगळवार ठरला. देवीचा वार, कोणी विचारलं तर दर्शनाला गेले म्हणता येईल. प्रीती म्हणते मोरपंखी साडी नेसा. अजिबात नाही. नवरी दिसायची.

९ डिसेंबर, मंगळवार. बसमध्ये

मोरपंखीच नेसले.

मूर्तिजापूर मागे गेलं. खिडकी बंद होत नाही, थंडी कानात शिरून राहिली. शेजारच्या बाई बोरं खाताहेत, मलाही दिली दोन-चार. विचारलं कुठे? म्हटलं देवीला. "एकट्याच?" म्हटलं हो. अक्षर हलतंय. भैताडासारखं वाटून राहिलं. बडनेऱ्याला उतरून परतीची गाडी धरावी का

१० डिसेंबर, बुधवार

नाही उतरले. काल घरी येईपर्यंत संध्याकाळ झाली, लिहायला बसलेच नाही. आज सकाळपासून कामात लक्ष नाही. एक ट्रे पालथा केला.

स्टँडवर मो. आधीच उभे होते. पांढरा सदरा, वर स्वेटर, हात रिकामे. संत्री आणली नाहीत. म्हणाले, "आनली असती तं तुमाले वाटलं असतं माल दाखवाले आला." हसू आलं. कॅन्टीनमध्ये मी चहा सांगितला, दोघांनी घेतला. मग रिक्षाने अंबादेवी.

वाटेत त्यांनी रिक्षावाल्याला एकदम थांबवलं. "इकून नको, मागच्या रस्त्यानं घ्या." तो म्हणाला लांब पडतं. "पडू द्या." मला वाटलं पुढे गर्दी असेल. नंतर त्यांनीच सांगितलं, त्या रस्त्यावर दवाखाना आहे. बायकोच्या आजारपणात अर्धं वर्ष त्याच फुटपाथवर काढलं. "मले अमरावती म्हनजे तेवढाच रस्ता. शहर तं मी आज पाहून राहिलो." मी माझ्या लाडक्या गावात मिरवायला आले होते आणि या माणसाने माझ्यासाठी आपणहून हेच गाव सुचवलं. आधी म्हणाले असते तर अकोल्यातच भेटलो असतो.

देवळात मंगळवारची रांग. तिथे नेमक्या मालूताई भेटल्या, माहेरच्या गल्लीतल्या. "अवं नले! किती दिवसांनी!" मग नजर मो. कडे. "आन हे कोन?"

मी म्हटलं, "सुनेकडचे पाव्हने."

पटकन आलं तोंडातून. मो. नी हात जोडले, नमस्कार म्हणाले. मालूताई गेल्या. आम्ही दर्शन घेतलं, बाजूला एकवीरेचंही घेतलं. मी देवीकडे काय मागायचं तेच विसरले. गांधी चौकाशी आल्यावर तेच म्हणाले, "खोटं नाई बोलल्या तुमी. सुनेकडचाच हाय मी." आवाजात राग नव्हता. त्यामुळे जास्त लागलं मला.

राजकमलला रस्ता ओलांडताना हे गृहस्थ फिरून माझ्या डाव्या बाजूला. प्रत्येक वेळी. हात कोपराजवळ धरलेला, लागत नाही पण आहे. मी उजवीकडे सरकले की तेही सरकतात. मनात म्हटलं, बापा, मी काय लहान आहे? याच चौकात सायकल चालवली मी, दोन वेण्या घालून.

मग गिला वडा. गाडी बदलली, जागा तीच. त्यांनी विचारलं, "तुमाले आवडते का?" म्हटलं हे काय विचारणं झालं! "आनखी काय काय आवडते?" मी तोंड उघडलं आणि म्हटलं शेवभाजी. आणि थांबले. शेवभाजी यांना आवडायची. मग म्हटलं मुगाचे लाडू. ते विनयला. भरली वांगी... सासऱ्यांना. हातात द्रोण घेऊन उभी, आणि एका साध्या प्रश्नाचं उत्तर येईना. पंचावन्न वर्षं हे तोंड वापरून राहिले आणि त्याला काय आवडतं ते ठाऊक नाही! डोळ्यांत पाणी आलं, म्हटलं चटणी झणझणीत आहे. चटणी होतीही झणझणीत. वडा दह्यात बुडालेला, मऊ, वरून ती हिरवी चटणी. कॉलेज सुटल्यावर मैत्रिणींसोबत खायचे तोच. दुसरा मागवला. म्हटलं, हा माझा. बाकीचं आठवलं की सांगते.

दुपारी खानावळ. पाटोडीचा रस्सा, भाकर, ठेचा. वाढपी आला तशी मो. त्याला म्हणतात, "यांच्या भाजीत तर्री नका टाकू."

डोकंच फिरलं माझं. इतक्या लोकांत मोठ्याने म्हटलं, "काहून? मले तिखटच लागते! तुमाले कोनी सांगतलं?"

आजूबाजूचे खायचे थांबले. मो. चा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, "चुकलं. तिले चालत नव्हतं." तिला म्हणजे बायकोला. पोट नाजूक झालं होतं, शेवटी शेवटी डाव्या डोळ्यानेही दिसत नव्हतं. मग ते डावीकडे चालणं...! मला कळलं आणि त्यांनाही त्याच क्षणी कळलं. म्हणाले, "म्हनजे सकायपासून मी तुमाले..." आणि भाकर हातात तशीच.

मी काही म्हणणार तर तेच पुन्हा, हळू आवाजात, "एक सांगू? रागावू नका. तुमी स्टँडवर मले बिनसाकरेचा चहा पाजला."

मी म्हटलं, कधी?

"'दोन चहा, एक बिनसाकरेचा' म्हटलं तुमी, आन तो माह्यासमोर ठेवला. मले तीन चमचे लागते."

"मंग बोलले काहून नाई?"

"तुमी इतक्या सवयीनं ठेवला ना, मले मोडवलं नाई."

मला तो चहा आठवतही नाही, इतकं ते हाताने परस्पर केलं. सहा वर्षं झाली यांना जाऊन, आणि माझा हात अजून यांचं पथ्य सांभाळतो. दुसऱ्या माणसाला! त्याला शुगर आहे की नाही न विचारता! लाज वाटली, हसू आलं आणि रडूही. तिन्ही एकदम. वाढपी म्हणाला, "मावशी, तर्री टाकू का?" म्हटलं, टाक बापा, भरपूर टाक.

मग वडाळी तलाव. शेजारच्या बागेत जायचं तर खिडकीवरच्या पोरीने विचारलं, दोन तिकिटं? मो. माझ्याकडे वळून म्हणतात, "दोन घ्याचे का चार?"

सकाळपासून आम्ही चौघंच तर फिरत होतो! कितीतरी दिवसांनी अशी हसले. पदर तोंडावर. पोरीला वाटलं असेल म्हातारे खुळावले.

बागेत बांबूची बेटं. मी सवयीने कोंब पाहत, माती चिमटीत घेत चालले होते. मो. म्हणाले, "सुट्टी हाय आज तुमची." बाकावर बसलो. पाण्यावर ऊन होतं. मनातलं विचारलंच. "भाकर टाकाले बाई पाह्यजे का तुमाले? खरं सांगा."

"भाकर मले येते. तिच्या दुखन्यात शिकलो. तुमच्याहून पातय टाकतो, पैज लावा."

"मंग काहून?"

म्हणाले, "संध्याकायी बगीच्यातून घरी येतो. काही तरी सांगाचं असते. मोठं काही नाई. वान्नेर आलते, खालच्या झाडाले फूट चांगली हाय, असं. सांगाले तोंड उघडतो आन घरात कोनी नाई. पोरींले फोन केला तं त्या घाबरतात, का झालं बाबा म्हनून."

मग म्हणाले, "तिले विसरीन असं म्हनत नाई मी. तुमीही म्हनू नका." म्हटलं, म्हणत नाही.

पाण्याकाठी दोन बगळे होते. मी माझ्या नर्सरीचं सांगितलं, ती सोडून जाणं किती अवघड आहे ते. बी रुजायच्या आधी वर नुसता भुसा दिसतो आणि तरी रोज पाणी घालावं लागतं, ते काम मला फार आवडतं. हे बोलताना कळलं, की हे माझं आवडतं. खायचं नाही, पण माझं. त्यांनी उपाय सुचवला नाही, "मोर्शीतही नर्सरी टाकता येते" वगैरे म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी उठून निघाले असते.

स्टँडवर बसमध्ये बसवून दिलं. खिडकीशी आले. "घाई नाई," एवढंच.

मला काल मजा आली. हे लिहायची लाज वाटते, म्हणून मुद्दाम लिहिते. मजा आली.

आणि मालूताईंना मी जे सांगितलं तेही डोक्यातून जात नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

दोन दिवस विनय माझ्याशी कामापुरतंच बोलला. "पाइप कुठं हाय?" "गाडी येते बारा वाजता." आज दुपारी प्रीतीने ताट वाढलं तर उठूनच गेला. मी मागे गेले, शेडमध्ये. म्हटलं, बोल काय ते. तुझ्या बाबांची जागा कोणाला देते आहे असं वाटतं का?

"ते नाई."

"मंग?"

"लोक काय म्हनतीन? पोराले माय जड झाली म्हनून दुसऱ्याच्या घरी देल्ली. हेच म्हनतीन ना!"

म्हटलं, "मी तुले जड झाली का?"

"नाई ना! तेच तं!" आणि तीस वर्षांचा माणूस शेडच्या खांबाला टेकून रडायला लागला. मी पाठीवरून हात फिरवला. इतके दिवस मला वाटत होतं याला माझा राग आला. त्याला राग लोकांचा आला होता, अजून न बोललेल्या लोकांचा. वेडं पोर.

पण त्याचं खोटंही नाही. म्हणणारे म्हणतील. मी स्वतःच देवळात कुठे खरं बोलू शकले?

१३ डिसेंबर, शनिवार

मो. चा फोन नाही. घाई नाही म्हणाले होते. पण इतकाही धीर नको.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी पाहते तर विनय इस्त्रीचा शर्ट घालून बुटाच्या लेस बांधतो आहे. रविवारी! गिऱ्हाइकाच्या दिवशी!

"कुठं चालला?"

"मोर्शीले. घर पाहून येतो."

"कोनाचं?"

"कोनाचं म्हनजे? पोरीकडून कोनीतरी घर पाहाले जा लागते ना. आजोबा नाईत. मामा नागपूरले. मंग कोन जाईन?"

प्रीतीने पाण्याची बाटली हातात दिली. गाडी सुरू करून गेलासुद्धा. मी दिवसभर तीच तीन वाफ्यांची कामं परत परत केली. एका जोडप्याला झेंडूऐवजी शेवंती दिली.

संध्याकाळी आला. हात-पाय धुतले, जेवला, नातवाला खेळवलं. एक शब्द नाही. विचारायची माझी हिंमत नाही. प्रीतीला खूण केली तर ती म्हणते, "ते सांगतीन तवा सांगतीन." एरवी हिला इतका धीर कुठून येतो?

१५ डिसेंबर, सोमवार

आज सकाळी रोपांना पाणी देताना विनय शेजारी येऊन उभा राहिला. हात मागे बांधलेले. असा उभा राहायला कुठे शिकला कोण जाणे.

सांगायला लागला. घर साधं आहे, पुढे ओसरी, मागे अंगण. विहिरीला पाणी आहे, उन्हाळ्यात जरा खाली जातं. बगीचा नीट राखला आहे. बीपीची एक गोळी चालू आहे, विचारल्यावर सरळ सांगितलं, लपवलं नाही. (मी बाकावर इतका वेळ बसले आणि हे विचारलंच नाही.) त्यांनीच आपल्या मोठ्या मुलीला फोन लावून दिला. ती रडली थोडी, पण नको म्हणाली नाही. मग गावात चहाच्या टपरीवर बसून चौकशी केली. तरुणपणी तापट होते म्हणतात, आता नाहीत. दारू नाही. पत्ते खेळतात कधी कधी, पण हरले की उठून जातात.

"मानूस बरा हाय," विनय म्हणाला. "घर मले पसंत हाय."

मी झारी खाली ठेवली.

"पन ते माह्यं झालं. तुह्या मनात नसन तं मोकयं सांग. मी कयवतो त्याईले, पत्रिका जुयत नाई म्हनून. तू नको फोन करू. नकार घरच्या मोठ्या मानसानं कयवाचा असते, पोरीनं नाई."

पत्रिका! पंचावन्न वर्षांच्या विधवा बाईची पत्रिका! हसावं म्हटलं तर हसता येईना. त्याचा चेहरा इतका गंभीर होता. लोकांचं बोलणं त्याने कुठे ठेवलं कोण जाणे, घेऊन आला होता फक्त हे.

माझ्या लग्नात बाबा आणि मोठे काका अकोल्याला येऊन घर पाहून गेले. परत आले, ओसरीवर बसले, सुपारी फोडली आणि आईला म्हणाले, देऊन टाकली. मी आत तांदूळ निवडत होते. यांच्याशी संसार चांगला झाला, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण हो का, असं मला कोणी विचारलं नव्हतं. आज माझंच पोर कालचा इस्त्रीचा शर्ट चुरगळलेला तसाच घालून, हात मागे बांधून, माझ्या उत्तरासाठी थांबलेलं.

"मंग? काय कयवू?"

म्हटलं, "थांब ना बापा. पोरीले जरा विचार करू दे."

तो बरं म्हणाला आणि पाइप गुंडाळायला गेला.